शॉकअप बदलल्यापासून

२१ सप्टेंबर, रविवार

कंपनीने निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि ही डायरी दिली. डायरी याच वर्षाची, म्हणजे निम्म्याहून जास्त पानांच्या तारखा आधीच उलटून गेलेल्या. उरलेली तरी फुकट जाऊ नयेत म्हणून आजपासून लिहितो. तुर्भ्याच्या लॅबमध्ये आयुष्यभर रसायनांचे रिपोर्ट लिहिले, आता स्वतःचा लिहायला हरकत नाही.

निवृत्तीनंतरचा कार्यक्रम पक्का आहे. दिवाळी झाली की मी आणि वैशाली मोटरसायकलवरून समुद्राकाठच्या रस्त्याने थेट वेंगुर्ल्याला जाणार. जिथे मासे चांगले तिथे मुक्काम. लग्न झाल्यापासून हे बोलतो आहोत. आधी मला रजा नव्हती, मग जाईची शाळा, मग तिची बारावी, मग तिचं लग्न. आता ती पुण्यात सुखाने नांदते आहे आणि माझ्याकडे कसलीही सबब शिल्लक नाही.

फक्त गाडीचे मागचे शॉकअप गेलेत. खड्डा आला की मागून वैशालीचं 'आई गं' ऐकू येतं. म्हणून आज कामोठे गावात दिलीपकडे गाडी टाकली. दिलीप आमचा जुना मेकॅनिक, घराच्याच पडवीत त्याचं गॅरेज आहे. वैशाली बरोबर आली होती, तिला त्याच रस्त्याला नारळ घ्यायचे होते. मी समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेलो तेवढ्यात ती दिलीपला काहीतरी समजावत होती आणि जमिनीपासून हाताने उंची दाखवत होती. कुंड्यांसाठी स्टँड करून घ्यायचं असेल, तो वेल्डिंगही करतो. दिलीप आधी मान हलवून नाही म्हणत होता, मग हसायला लागला.

मी परत आल्यावर म्हणाला, "काका, गादी पन बसलीय तुमची. ती बी करून टाकू?"

म्हटलं, कर. निवृत्त माणसाने गादीच्या बाबतीत कंजूषपणा करू नये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गाडी आली. काळे कुळकुळीत शॉकअप, नवी गादी. बसलो तर दोन्ही पाय जमिनीला चक्क सपाट टेकले. पूर्वी टाचा जरा वर राहायच्या. वयाबरोबर माणूस खुजा होतो असं ऐकून होतो, माझं उलटं चाललेलं दिसतंय. दिलीपला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बरा हाय ना मग, पाय टेकलं पायजेत," आणि घाईघाईने दुसऱ्या गाडीखाली शिरला.

सरळ रस्त्यावर गाडी छान चालते. पण खांदेश्वर स्टेशनवरून हायवेकडे येताना जे मोठं डावं वळण आहे, तिथे काहीतरी बिनसलं. मी नेहमीसारखा कललो, गाडी कलेना. मग कलली ती उशिरा, आणि वळायचं सोडून बाहेरच्या बाजूला निघाली. पलीकडून रिक्षावाला काहीतरी बोलून गेला, ते डायरीत लिहिण्याजोगं नाही. मागचा भाग गाभण म्हशीसारखा जड झाल्यासारखा वाटतो.

साइड स्टँडवरही पूर्वीसारखी झुकत नाही. सरळ उभी राहते, आता पडेल की मग पडेल अशी. आमचा वॉचमन सिताराम, त्याने पलीकडून विटांचा टेकू दिलाय.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी बागेतल्या आमच्या ग्रुपबरोबर चालून, हसून, चहा पिऊन आठला परत आलो. गाडीच्या इंजिनला सहज हात लावला तर गरम. आपलं पार्किंग पूर्वेला आहे, ऊन थेट पडतं. आच्छादन घ्यायला हवं.

दोन्ही आरसे खाली वळलेले होते, मला त्यात माझं पोटच दिसत होतं. सितारामला म्हटलं, गाडी पुसताना आरसे हलवत जाऊ नकोस. तो म्हणाला, "मी नाय हलवत साहेब." मग कोण हलवतं? तर म्हणाला, "वारा असंल." आणि उगाचच हसला. आजकाल सगळेच फार हसतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. दरवर्षी वैशाली कुंकवाचं बोट टेकवून लगेच श्रीखंडाकडे वळते. आज तिने हँडलला हळदकुंकू लावलं, टाकीला लावलं, आरशांना लावलं, आणि हात जोडून बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. मग डोळे उघडून म्हणाली, "क्लचची तार सैल झालीय, दिलीपला सांगा."

मी विचारलं, तुला गं काय ठाऊक.

"मागे बसून कळतं की."

तीस वर्षं मागे बसून बाईला गाडी कळायला लागली याचं मला कौतुक वाटलं. तार खरंच सैल होती. मागे एकदा, जाई लहान असताना, मी वैशालीला स्कूटर शिकवायला घेतली होती. कळंबोलीच्या मैदानात नेऊन अगदी मूळ तत्त्वापासून सुरुवात केली, इंजिन कसं चालतं इथपासून. तिने स्वतः शिकायचं म्हटलेलं, पण दुसऱ्याच दिवशी तिला कंटाळा आला. ती चालत घरी आली आणि मी स्कूटर घेऊन मागून. बायकांना आवड असली तरी चिकाटी नसते, हा माझा अनुभव.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरची सोनम सोनं द्यायला आली होती. ऐरोलीला कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, रोज मोटरसायकलने जाते. तिला हे ऐकवलं तर तिला ठसका लागला. वैशालीने पाणी दिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

वळणाचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायला घेतलाय. लॅबचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी टायरमधली हवा तपासली. बरोबर. मग चेन. बरोबर. मग पुढच्या चाकाचं बेअरिंग, मग हँडलचं. सगळं बरोबर. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच डाव्या वळणावर जाऊन आलो, आणि प्रत्येक वेळी गाडी तशीच बाहेर जाते. तिथला नारळपाणीवाला आता मला हात करतो.

दिलीपला विचारलं, शॉकअप चुकीचे तर नाहीत? तो शपथेवर म्हणाला की शॉकअप एक नंबर आहेत, कंपनीचे आहेत, बिलकुल फॉल्ट नाही. "नवीन हाय काका, बसाया टाइम लागल." म्हटलं, किती? तर आभाळाकडे बघायला लागला.

म्हणजे हवा ठीक, चेन ठीक, बेअरिंग ठीक, शॉकअप ठीक. उरतो फक्त चालक. हे लिहिताना मला अजिबात मजा वाटली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज घाबरलो. लिहायला काय लाज, डायरी माझीच आहे.

तेच वळण. या वेळी ठरवून थोडा वेग ठेवला आणि नीट कललो, तर खालून खर्रकन आवाज आला आणि गाडी उडाल्यासारखी झाली. मेन स्टँड रस्त्याला घासला होता. इतक्या वर्षांत या गाडीचा स्टँड कधी घासला नव्हता. कसाबसा सावरलो आणि कडेला थांबलो. नारळपाणीवाल्याने न विचारता नारळ फोडला.

घरी आलो तर गुडघेही दुखत होते. हल्ली गाडीवर पाय फारच दुमडून बसल्यासारखं वाटतं. ताठरपणा आलाय अंगात, दुसरं काय. वैशालीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

म्हटलं, आधी माझं ऐक. मग वय, रिफ्लेक्स, कानातलं तोल सांभाळणारं द्रव्य, हे सगळं तिला चित्र काढून समजावलं. माझं संपेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि ती उठून गेली. तिला काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. गॅस संपत आला असेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज वैशालीने स्वतःहून दिलीपला फोन केला आणि बाल्कनीचं दार लोटून बराच वेळ बोलली. नवऱ्याची काळजी, दुसरं काय. मला बरं वाटलं.

दुपारी दिलीप स्वतः आला. गाडीभोवती फिरला, डोकं खाजवलं. म्हणाला, "काका, वलनावर स्लो घ्या, कायपन होनार नाय. नायतर जुनेच टाकू का परत? मॅडमना इचारतो."

"मॅडमना कशाला?"

"म्हंजे, खड्डं त्यांनाच लागतात ना."

हे बाकी बरोबर बोलला. मी म्हटलं, जुने नको, तिची पाठ दुखेल. दिलीपने सुटकेचा श्वास टाकला. शॉकअप काढायचा कंटाळा या लोकांना फार.

११ ऑक्टोबर, शनिवार

वैशालीच्या उजव्या पोटरीला चांगला भाजल्याचा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, कुकरची वाफ लागली. कुकर ओट्यावर, पोटरी जमिनीजवळ, आणि वाफ वर जाते. मी थोडा वेळ विचार केला. पंख्यामुळे खाली वळली असणार. पोटरीला कोरफड लावून दिली.

सध्या ती सकाळी शर्टपँट आणि जाड बूट घालून चालायला जाते. पायांची काळजी घेते ते चांगलंच आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निर्णय घेतला. गाडी विकायची.

उदयसिंहला फोन केला. तो आमच्या लॅबमधला, मला थोडा ज्युनिअर, घणसोलीला राहतो. या गाडीवर त्याचा डोळा पहिल्यापासून आहे, दर वर्षी विचारायचा. आज मीच विचारलं तर आधी त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाला, "श्याम, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, तब्येत बरी आहे, वळणं बरी नाहीत. तो पाडव्याला न्यायला येतो म्हणाला. साडेतीन मुहूर्तांपैकी आहे, त्याची बायको इतर कुठल्याही दिवशी गाडी घरात घेऊ देणार नाही.

जो माणूस रिकाम्या रस्त्यावर एक डावं वळण नीट घेऊ शकत नाही, त्याने बायकोला मागे बसवून घाटातून वेंगुर्ल्याला न्यायचं नसतं. मला काही झालं तर चालेल. तिला काही झालं तर मी जाईला तोंड कसं दाखवू.

रात्री जेवताना वैशालीला सांगितलं. तिच्या हातातला पोळीचा तुकडा हातातच राहिला. "वेंगुर्ल्याचं काय मग?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, गाडी करून जाऊ, एसी असेल, ड्रायव्हर असेल. ती म्हणाली, "मला ड्रायव्हर नकोय," आणि ताट तसंच ठेवून वर सोनमकडे गेली. बायका मन मोकळं करायला शेजारी जातात. तासाभराने आली तेव्हा बरीच सावरली होती. एवढंच म्हणाली, "पाडव्यालाच येणार आहेत ना भावजी? त्याआधी नाही ना?"

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटचं म्हणून आज एकटाच पाम बीच रोडला जाऊन आलो. लांबलचक रस्ता, सकाळची वेळ, खाडीवरून वारा. सरळ जाताना गाडी इतकी गोड चालत होती की मी मोठ्याने गात होतो. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची मुलगी बघून हसली. मग किल्ल्याजवळचं वळण आलं आणि मी सायकल शिकणाऱ्या पोरासारखा वेग कमी केला, अंग आखडलं, मागून बसवाला हॉर्न मारत होता. लाज वाटली. परत येताना गायलो नाही.

या गाडीवर आम्ही जाईला दवाखान्यातून घरी आणलं होतं असं वैशाली सांगते. ते खरं नाही, तेव्हा रिक्षा केली होती. पण आता मलाही तसंच आठवायला लागलंय.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरात चकल्यांचा वास. सकाळी बागेतून जरा लवकर आलो तर वैशाली, सोनम आणि दिलीप तिघेही पार्किंगमध्ये उभे. वैशालीच्या हातात हेल्मेट. मी विचारलं, काय चाललंय? सोनम म्हणाली, "फराळाचं बोलत होतो काका." हेल्मेट कशाला? वैशाली म्हणाली, "धुवायला काढलं. द्यायचंय ना उदय भावजींना."

किती विचार करते. मी मात्र त्याला हेल्मेट द्यायचं ठरवलंच नव्हतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. पूजेत सगळ्या किल्ल्या ठेवतो, तशी गाडीचीही ठेवली. आरती झाल्यावर ती एवढी उचलून खिशात घातली.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

आज सगळं सविस्तर लिहिणार, पानं कमी पडली तरी चालतील.

सकाळी अभ्यंगस्नान झालं. पाटावर बसलो, वैशालीने टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मी तिच्यासाठी निळी साडी आणली होती, ती तबकात ठेवायला गेलो तर तिने तबक बाजूला घेतलं.

"साडी नको. गाडीची किल्ली टाका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ती तबक धरून उभी, निरांजन तिच्या चेहऱ्यासमोर जळत होतं, आणि ती अजिबात हसत नव्हती. मी म्हटलं, अगं, उदयसिंह निघाला असेल घणसोलीहून. शब्द दिलाय त्याला.

"पाडव्याची ओवाळणी आहे. बायकोने मागितलं आणि नवऱ्याने नाही म्हटलं असं आजवर झालं नाही आपल्याकडे. मी कधी काही मागितलं नाही म्हणून झालं नाही, ते वेगळं."

मी खिशातून किल्ली काढून तबकात टाकली. काय करणार होतो? तिने तबक देवापुढे ठेवलं, किल्ली उचलली, खुंटीवरचं हेल्मेट घेतलं आणि जिना उतरायला लागली. मी कपाळाला टिळा, डोक्यावर अक्षता, नव्या कुर्त्यात तिच्यामागे. पार्किंगमध्ये सोनम आधीच हजर, सिताराम हजर, तळमजल्याचं सगळं कुटुंब कंदिलाखाली हजर. म्हणजे मी सोडून सोसायटीत सगळ्यांना आमंत्रण होतं.

वैशाली गाडीवर बसली. काठपदराची साडी, वर हेल्मेट. दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले, अगदी टाचांसकट.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदमच कळलं. ती माझ्या खांद्याएवढी आहे. जुन्या शॉकअपवर तिचे जेमतेम अंगठे टेकले असते.

"शॉकअप," मी म्हटलं.

"इंचभर बुटके टाकून घेतलेत," ती म्हणाली. "आणि गादी कापून घेतली. दिलीप म्हणाला काकांना कळणार नाही, हळू चालवतात. तुम्ही वळणावर एवढे कलता हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं, पण मला वाटलं मी मागे बसते म्हणूनच कलता."

मी खाली बसून बघितलं. मागचा भाग खरोखर खाली बसलेला. साधी गोष्ट आहे, मागून खाली आली तर गाडी वळायला आळस करणारच, आणि स्टँड घासणारच. मी हवा तपासली, चेन तपासली, बेअरिंग तपासलं, आणि शॉकअपची उंची मोजायला पट्टी लावली नाही, कारण ते नवे होते. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला आठवडाभर ऐकवलं असतं.

आणि मग असा आनंद झाला की काय सांगू. मला काहीही झालेलं नव्हतं. कान शाबूत, तोल शाबूत, गुडघे शाबूत. गाडीच बुटकी होती. मी तिथेच जमिनीवर बसून हसायला लागलो. वैशाली घाबरून हेल्मेटची काच वर करून बघायला लागली.

ती जुलैपासून शिकते आहे. आधी सोनमच्या गाडीवर, मग माझ्या, मी बागेत हसायला गेलो की. पनवेलला परीक्षा देऊन आली, लायसन्सही दाखवलं. फोटोत ती फार गंभीर दिसते. वेंगुर्ल्यापर्यंतचा लांब पल्ला मला एकट्याला झेपायचा नाही, मध्ये मध्ये आपण चालवावी, असं तिच्या मनात होतं. "आणि खरं सांगू? तुमच्या पाठीकडे बघत वेंगुर्ल्यापर्यंत जायचं नव्हतं मला."

मी म्हटलं, मग मला सांगायचं नाही?

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला आला असतात."

"मी चांगलंच शिकवलं असतं."

सोनम बुटाची लेस बांधायला खाली वाकली. सिताराम गेट उघडायला गेला, गेट उघडंच होतं. मी सगळ्यांकडे बघितलं, आणि कळंबोलीच्या मैदानातून ती चालत घरी आली होती तो दिवस मला जरा निराळा दिसायला लागला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

"त्या दिवशी स्टँड घासला तेव्हाच सांगायला बसले होते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही कानाचं चित्र काढत होता. मग विकायचं म्हणालात. मग म्हटलं आता तोंडाने सांगून काही उपयोग नाही, चालवूनच दाखवते."

एवढ्यात उदयसिंह रिक्षातून उतरला. हातात हार, नारळ, बरोबर बायको शर्मिला. पार्किंगमध्ये माझी बायको गाडीवर, मी जमिनीवर आणि भोवती सोसायटी बघून त्याला काही उलगडा होईना. मी म्हटलं, उदय, मालक बदलला. गाडी मी ओवाळणीत दिली.

"आणि माझा मुहूर्त?"

वैशाली म्हणाली, "भावजी, वर फराळ आहे. आणि तुम्हाला गाडी हवी असेल तर मी विकत नाही." शर्मिला वहिनींनी नवऱ्याच्या हातातला हार घेतला आणि सरळ आमच्या गाडीला घातला. नारळ उदयसिंहनेच फोडला, तोंड पाडून, पण एका फटक्यात.

"बसा," वैशाली मला म्हणाली.

मी मागे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. हात कुठे ठेवायचे ते कळेना. तिने गिअर टाकला, क्लच सोडला, गाडीने एक गचका दिला आणि आम्ही निघालो. सगळे टाळ्या वाजवत होते. पहिल्या गतिरोधकावर मी 'आई गं' म्हणालो.

ती नेमकी त्याच डाव्या वळणाकडे गेली. मी मागून सांगायला सुरुवात केली, आता वेग कमी, आता गिअर, आता बघ. तिने हेल्मेटमधून ओरडून सांगितलं, "गप्प बसा आणि पाय आत घ्या." मी पाय खाली सोडला होता, मलाच ठाऊक नव्हतं. मग ती सावकाश, अंग सैल सोडून, वळणाच्या आतली बाजू धरून गेली, आणि गाडी शहाण्यासारखी वळली. मी तिच्याबरोबर कललो. नारळपाणीवाला दोन्ही हात वर करून उभा होता.

परतीच्या वाटेवर मी इकडेतिकडे बघत होतो. खाडीच्या बाजूला केवढे तरी बगळे बसले होते. म्हटलं, हे कधीपासून? ती म्हणाली, "हे नेहमीच असतात."

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

पुण्याहून जाई, जावई आले. जाईला सगळं आधीच माहीत होतं. लायसन्सचा फोटो तिला मिळाला होता त्याला महिना झाला. जावयालाही माहीत होतं. तरी तो बिचारा मागच्या फोनवर माझ्याशी कानातल्या द्रव्याबद्दल गंभीरपणे बोलला होता.

मी आज सगळ्यांवर रागवायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. अनारसे फार चांगले झालेत.

२ नोव्हेंबर, रविवार

परवा निघायचं. आज दोघं मिळून दिलीपकडे गेलो. मला बघताच तो पाना टाकून हात जोडून उभा राहिला. "काका, मॅडमनी शपथ घातलेली. माझी झोप उडालेली, आईशप्पत."

मी म्हटलं, ते जाऊ दे, आता काय करायचं ते बोल. त्याने नीट समजावलं. गाडी एकच, मापं दोन. जुन्या उंचीचे टाकले तर मी चालवू शकेन, वळणावर त्रास नाही, पण वैशालीचे पाय टेकणार नाहीत. बुटके ठेवले तर तिला बरं, मला वाईट. "मधला पन करता येल," तो म्हणाला, "पन मग दोघांना बी धड नाय."

वैशाली म्हणाली, "उंच टाक. गाडी त्यांची आहे, त्यांना किती आवडते. मी थोडी थोडी घेईन, टाचा वर ठेवून."

मी गाडीकडे बघत राहिलो. मग उदयसिंहचा हार दिसला, सुकलेला, अजून हँडलवर. ओवाळणीत दिलेली वस्तू परत घेत नाहीत, निदान आमच्याकडे तरी. आणि खरं म्हणजे मला त्या बगळ्यांकडे पुन्हा बघायचं होतं, वेंगुर्ल्यापर्यंत, आणि मध्ये जे जे काय इतकी वर्षं माझ्या पाठीमागच्या माणसाला दिसत होतं ते सगळं. दिलीपला म्हटलं, बुटकेच राहू दे. चालवणार मॅडम.

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कुर्त्याची बाही धरली, गॅरेजमध्ये, सगळ्यांसमोर.

दिलीपने पाना उचलला. बुटके ठेवायचे तर स्प्रिंग चांगली आवळावी लागेल, नाहीतर मागून पुन्हा बसेल आणि स्टँड घासेल, असं म्हणाला. मग गाडीमागे उकिडवा बसून विचारलं, "मागं बसनाऱ्याचं वजन किती धरू?"

वैशाली माझ्याकडे बघत होती. तीस वर्षांत तिला मी हा आकडा कधी खरा सांगितला नव्हता.

"ब्याण्णव," मी म्हटलं.